राज्यसभेत कायदा मंजूर होतो त्या दिवशी नेमकं काय पाहायचं

मी आमच्या भागातल्या लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतो. रेशनच्या याद्या, घरकुलाचे हप्ते, रोजगार हमीची हजेरीपत्रकं, असं रोजचं काम. ९ ऑगस्ट २०२३ च्या बुधवारी राज्यसभेत डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक होतं आणि मी ते संसद टीव्हीवर पाहत होतो. मंत्र्यांचं निवेदन ऐकलं, भाषणं ऐकली. मग एकेक खंड, म्हणजे विधेयकातली कलमं, मताला टाकायला सुरुवात झाली आणि मला वाटलं, आता नुसता उपचार उरला. ज्या खंड ४४ साठी बसलो होतो, तो नेमका तेव्हाच गेला.

त्या खंडाच्या पोटातल्या तिसऱ्या उपखंडाने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. अर्ज नाकारताना हमखास ज्याचा हवाला दिला जातो, तेच हे कलम. आधी त्यात अटी होत्या. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा कुणाच्या खासगीपणात विनाकारण शिरणारी माहितीच नाकारता येई, आणि व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असं परंतुकही होतं. आता एवढंच उरलं की वैयक्तिक माहिती असेल तर देण्याचं बंधन नाही. जनहितासाठी माहिती देण्याची वाट कलम ८(२) मध्ये अजून आहे, असं सरकारचं म्हणणं आहे. आहे, पण अर्ज हातात घेणारा तालुक्याचा अधिकारी तिथवर जात नाही, हा माझा अनुभव.

तेव्हापासून मी राज्यसभेचा दिवस वेगळ्या पद्धतीने पाहतो. शेतकरी संघटना, शिक्षक, वकील, बचत गट, ज्यांना एखादा कायदा थेट भिडणार आहे त्यांच्यासाठी ती पद्धत इथे लिहितो.

आदल्या संध्याकाळी: कामकाजपत्रिका आणि योग्य प्रत

संसदेच्या संकेतस्थळावर राज्यसभेच्या विभागात दुसऱ्या दिवशीची कामकाजपत्रिका येते. सकाळी पुन्हा बघा, कारण पुरवणी किंवा सुधारित पत्रिका निघते आणि विधेयक वरखाली होतं. पत्रिकेत विधेयकाच्या नावापुढे काय लिहिलंय ते नीट वाचा. ‘मांडणे’ असेल तर त्या दिवशी फक्त प्रवेश आहे, चर्चा नाही. ‘विचारात घेणे व संमत करणे’ असेल तर निकाल बहुधा त्याच दिवशी. विधेयकाच्या बरोबरीने अध्यादेश नामंजूर करण्याचा एखाद्या सदस्याचा ठराव दिसला, तर समजा की सरकारने तो कायदा आधी अध्यादेशाने आणला होता. दोन्हींवर चर्चा एकत्र होते, मत वेगवेगळं घेतलं जातं.

आता प्रत. एकाच विधेयकाच्या संकेतस्थळावर अनेक प्रती असतात: मांडलेली, समितीने सुधारलेली, लोकसभेने मंजूर केलेली, दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेली. राज्यसभेत चर्चेला येते ती बहुतेक वेळा लोकसभेने मंजूर केलेली प्रत, म्हणून तीच उतरवून घ्या. पण मांडलेली प्रतही जवळ ठेवा, कारण उद्देश व कारणांचं निवेदन, वित्तीय ज्ञापन आणि नियम करण्याच्या अधिकारांबद्दलचं ज्ञापन त्या पहिल्या प्रतीला जोडलेलं असतं. प्रस्ताव स्थायी समितीकडे गेला होता का, तेही बघा. संसदेच्या २४ विभागीय स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, त्यातले १० राज्यसभेचे. समितीच्या अहवालात सरकारी खात्याची उत्तरं आणि भिन्नमतपत्रं (असहमत सदस्यांची टिपणं) सापडतात, आणि सभागृहातल्या चार तासांच्या चर्चेपेक्षा त्यातून पुष्कळदा जास्त कळतं. डेटा संरक्षणाचं २०१९ चं विधेयक संयुक्त समितीकडे दोन वर्षं होतं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते मागे घेतलं गेलं. २०२३ चं नवं विधेयक मात्र ३ ऑगस्टला लोकसभेत मांडलं गेलं, ७ तारखेला तिथे मंजूर झालं आणि ९ ला राज्यसभेत. ते समितीकडे गेलंच नाही. वाचायला आपल्या हातात सहा दिवस होते.

विधेयक मागून वाचा

हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला. आपण पहिल्या पानापासून सुरुवात करतो, व्याख्यांमध्येच दमतो आणि शेवटपर्यंत पोचत नाही. दुसऱ्या कायद्यांत केलेले बदल मात्र बहुधा अगदी शेवटी बसलेले असतात. माहिती अधिकारावरचा उपखंड एकूण ४४ खंडांच्या विधेयकात चव्वेचाळिसाव्या खंडात होता. म्हणून आधी शेवटचा खंड आणि अनुसूची वाचा. जिथे ‘अमुक अधिनियमाच्या तमुक कलमाऐवजी’ असं दिसेल तिथे तो जुना कायदा उघडा आणि दोन्ही मजकूर शेजारी शेजारी लिहून काढा. हातानेच लिहा. नुसतं वाचताना गळालेला शब्द डोळ्यांना दिसत नाही, लिहिताना दिसतो.

मग खंड १ चा दुसरा उपखंड. कायदा ‘राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या तारखेला’ अंमलात येणार असेल, तर मंजुरी आणि अंमल यांत महिने किंवा वर्षंही जाऊ शकतात. त्यानंतर ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ हे शब्द जिथे जिथे आहेत तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या प्रत्येक ठिकाणी संसद तपशील ठरवत नाही, नंतर मंत्रालय नियमांतून ठरवणार आहे.

एक शब्द लक्षात असू द्या. विधेयकात ज्याला खंड म्हणतात त्यालाच कायदा झाल्यावर कलम म्हणतात. खासदाराच्या कार्यालयाला लिहिताना ‘खंड ४४’ असंच लिहा. समोरच्याला लगेच कळतं की तुम्ही कागद वाचून आला आहात.

खासदाराला कधी आणि काय सांगायचं

महाराष्ट्रातून राज्यसभेवर १९ सदस्य जातात, गोव्यातून १. त्यांना विधानसभेचे आमदार निवडून देतात आणि त्यांना लोकसभेसारखा मतदारसंघ नसतो. म्हणजे १९ पैकी कुणालाही लिहायला तुम्ही मोकळे आहात. विषयाशी संबंधित समितीवर कोण आहे ते पाहून निवडा.

वेळ मात्र कडक आहे. राज्यसभेच्या नियमांनुसार दुरुस्तीची सूचना विधेयक विचारात घेण्याच्या किमान एक दिवस आधी द्यावी लागते, नाहीतर कुणीही सदस्य आक्षेप घेऊ शकतो. चर्चेच्या दिवशी सकाळी पाठवलेला मेल दुरुस्तीच्या उपयोगाचा नाही, फार तर भाषणाच्या. विधेयक लोकसभेत मांडलं गेलं त्याच आठवड्यात लिहा. अर्ध्या पानात तीन गोष्टी पुरेत: कोणता खंड, त्याने कुणाचं काय बिघडतं याचा एक खरा दाखला, आणि दुरुस्तीचा तयार मजकूर. उदाहरणार्थ, ‘खंड ४४ मधील उपखंड (३) वगळण्यात यावा.’ एवढं एक वाक्य, संपलं. सात पानी निवेदनाचा गठ्ठा टेबलावर राहतो, हे एक ओळीचं वाक्य सूचनेच्या कागदावर जातं.

सदस्याला मराठीत बोलायचं असेल तर आधी कळवून तशी सोय होते. २०१८ पासून राज्यसभेत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांमधून भाषांतराची व्यवस्था आहे. आपल्या माणसांचा दाखला आपल्या भाषेत सभागृहाच्या इतिवृत्तात जावा, अशी विनंती करायला हरकत नाही. मी करतो.

सकाळी ११ ते दुपारी १

मार्शलची हाक येते, सगळे उभे राहतात, सभापती येतात. राज्यसभेचे सभापती म्हणजे देशाचे उपराष्ट्रपती. ते सभागृहाचे सदस्य नसतात आणि समसमान मतं पडली तरच मत देतात. कुणा माजी सदस्याचं निधन झालं असेल तर श्रद्धांजली होते. मग कागदपत्रं पटलावर ठेवली जातात. मंत्री उभे राहतात, आपल्या नावापुढची कागदपत्रं ठेवतो म्हणतात आणि बसतात. दोन मिनिटांचा हा भाग कुणी पाहत नाही. तो का पाहायचा, ते शेवटी येईल.

लोकसभेने मंजूर केलेलं विधेयक राज्यसभेत येतं ते असंच. महासचिव उठून लोकसभेचा संदेश वाचतात आणि विधेयकाची प्रत पटलावर ठेवतात. तो संदेश ऐकला की घड्याळ सुरू झालं असं समजा.

यानंतर शून्य प्रहर. सदस्याने आधी सूचना दिलेली असते आणि बोलायला ३ मिनिटं मिळतात. वेळ संपली की माइक बंद होतो, वाक्य अर्धं राहिलं तरी. नियम २६७ खालच्या सूचनाही याच वेळी निघतात. सगळं कामकाज बाजूला ठेवून अमुक विषय घ्या, अशी ती मागणी असते. ती क्वचितच मान्य होते आणि सभागृह तापतं ते बहुधा इथेच. सदस्य हौद्यात उतरले आणि ‘दुपारी २ पर्यंत तहकूब’ झालं तर तुमच्या विधेयकाचे तास त्यातूनच कापले जातात.

१२ वाजता प्रश्नोत्तराचा तास. आधी तो ११ ला असे. गोंधळात रोज वाया जातो म्हणून नोव्हेंबर २०१४ पासून राज्यसभेने तो १२ ला नेला. दिवसाला १५ तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकितांची उत्तरं लेखी येतात. त्या दिवशीची लेखी उत्तरं जरूर उतरवून घ्या. तुमच्या विधेयकाच्या खात्याचा वार असेल तर त्यांत आकडे मिळतात, आणि ते सरकारने संसदेत दिलेले असल्यामुळे पुढे कुणी नाकारू शकत नाही.

दुपारी २ नंतर: चर्चा

जेवणाच्या सुटीनंतर विधेयकं. मंत्री प्रस्ताव मांडतात की लोकसभेने मंजूर केलेलं अमुक विधेयक विचारात घ्यावं. विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे त्या विधेयकासाठी निवडलेल्या सदस्यांच्या समितीकडे पाठवा, अशी कुणाची सूचना असेल तर ती इथेच मांडली जाते. किती तास चर्चा हे कामकाज सल्लागार समितीने ठरवलेलं असतं आणि ते तास पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटले जातात. म्हणून मोठ्या पक्षाचा वक्ता वीस मिनिटं बोलतो आणि एकट्या सदस्याच्या पक्षाला तीन-चार मिनिटं मिळतात.

सदस्यांची भाषणं ऐकताना मी फक्त खंडांचे क्रमांक टिपतो. ज्याने क्रमांक घेऊन आक्षेप घेतला त्याचं नाव समासात. बाकीची वाक्यं उद्या वर्तमानपत्रात येतातच. मंत्र्यांचं उत्तर मात्र शब्दन्‌शब्द ऐकायचं. ‘हे आम्ही नियमांमध्ये स्पष्ट करू’ असं मंत्री सभागृहात म्हणाले, तर वेळ लिहून ठेवा. ते आश्वासन असतं, आणि सरकारने सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली का हे तपासायला राज्यसभेची वेगळी समिती आहे.

त्या ९ ऑगस्टला विरोधी पक्षांनी मणिपूरच्या मुद्द्यावर सभात्याग केला होता. मणिपूरचा प्रश्न लहान होता असं मला म्हणायचं नाही. पण दुरुस्ती सुचवणारा सदस्य ती मांडायला जागेवर नसेल, तर ती दुरुस्ती मांडलीच जात नाही. सभात्याग होताना पाहिला की आपल्या दुरुस्तीचं काय होणार ते तिथेच ओळखा.

खंडवार मतदान: इथे उठायचं नाही

चर्चा संपते, पहिला प्रस्ताव मताला जातो आणि तो मंजूर झाला की खंडवार विचार सुरू होतो. आवाज एकदम खाली येतो, पीठासीन अधिकारी भराभर वाचू लागतात. पत्रकार कक्षातले लोक उठतात. घरी आपण चहा ठेवायला जातो. कायदा त्या चार मिनिटांत होतो.

ऐकायचं असं. ज्या खंडांवर दुरुस्ती नाही ते गठ्ठ्याने जातात: ‘खंड २ ते ७ विधेयकाचा भाग व्हावेत.’ मग दुरुस्ती असलेला खंड येतो, सदस्याचं नाव पुकारलं जातं आणि विचारलं जातं, तुम्ही मांडता का? ‘मांडतो’ म्हटलं तर ती मताला जाते. ‘मांडत नाही’ म्हटलं, किंवा सदस्य जागेवर नसला, तर खंड आहे तसा पुढे. सगळ्यात शेवटी खंड १, अधिनियमन सूत्र (संसद हा कायदा करते असं सांगणारं ठरावीक वाक्य) आणि विधेयकाचं नाव घेतलं जातं. पहिला खंड शेवटी का, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. नाव आणि आरंभ हे आतला मजकूर नक्की झाल्यावरच ठरवायचे, असा तो क्रम आहे. ‘खंड १’ कानावर पडलं की समजा, बाकीचे सगळे खंड होऊन गेले.

मत बहुतेक वेळा आवाजी असतं. बाजूचे ‘हो’ म्हणतात, विरुद्धचे ‘नाही’, आणि पीठासीन अधिकारी निर्णय देतात. कोण कसं वागलं याची नोंद त्यात राहत नाही. डेटा विधेयक असंच आवाजी मताने मंजूर झालं, त्यामुळे माझ्या राज्यातल्या १९ सदस्यांपैकी कुणी काय केलं हे मी कधीच सांगू शकणार नाही. नोंद हवी असेल तर एखाद्या सदस्याने आवाजी निर्णयाला आव्हान देऊन मतविभाजन मागावं लागतं. मग घंटा वाजते, लॉबी मोकळी करतात, दारं बंद होतात आणि प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदलं जातं. २० सप्टेंबर २०२० च्या रविवारी कृषी विधेयकांच्या वेळी वाद पेटला तो याच मुद्द्यावर. विरोधकांनी मतविभाजन मागितलं, त्यासाठी सदस्य आपापल्या जागेवर हवेत अशी उपसभापतींची भूमिका होती, आणि विधेयकं आवाजी मताने मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, त्यांत महाराष्ट्राचे राजीव सातवही होते. म्हणून खासदाराला दुरुस्तीसोबत आणखी एक विनंती आवर्जून करा: आपल्या जागेवर बसून मतविभाजन मागा.

घटनादुरुस्तीच्या विधेयकाला मतविभाजन लागतंच. एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, अशी दुहेरी अट असते. सध्याच्या २४५ संख्येत पहिली अट १२३ ची होते. महिला आरक्षणाचं विधेयक २१ सप्टेंबर २०२३ च्या रात्री राज्यसभेत २१४ विरुद्ध ० असं मंजूर झालं. त्याच विषयावरचं आधीचं विधेयक ९ मार्च २०१० ला इथेच १८६ विरुद्ध १ असं मंजूर झालं होतं. तो एक नकार शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचा होता. त्यांच्याशी कुणी सहमत असो वा नसो, पंधराहून अधिक वर्षांनीही तो नकार कुणाचा ते आपण सांगू शकतो, कारण मत नोंदलं गेलं.

शेवटी तिसरं वाचन: विधेयक संमत व्हावं, असा प्रस्ताव. धन विधेयकाच्या, म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींच्या विधेयकाच्या बाबतीत शब्द बदलतो. तिथे राज्यसभा विधेयक ‘परत पाठवते’, तेही १४ दिवसांच्या आत, आणि तिच्या शिफारशी मानायच्या की नाही ते लोकसभा ठरवते. विधेयक धन विधेयक आहे का, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवा. असेल तर राज्यसभेत दुरुस्तीसाठी केलेली धावपळ फारशी फळत नाही.

रात्रीची तयारी ठेवा, तेही सांगतो. वक्फ दुरुस्ती विधेयकाच्या वेळी सभागृह ३ एप्रिल २०२५ ला सकाळी ११ ला बसलं आणि उठलं दुसऱ्या दिवशी पहाटे ४ वाजून २ मिनिटांनी. विधेयक मध्यरात्रीनंतर १२८ विरुद्ध ९५ मतांनी मंजूर झालं होतं.

मंजूर झालं, पुढे काय

राज्यसभेने एक शब्द जरी बदलला तरी विधेयक लोकसभेकडे परत जातं. सरकारं दुरुस्त्या टाळतात त्याचं मोठं कारण हेच. पण अशक्य नाही. लोकपाल विधेयक २९ डिसेंबर २०११ च्या मध्यरात्री राज्यसभेत मताला न जाताच अधिवेशन संपलं. पुढे ते प्रवर समितीकडे गेलं. १७ डिसेंबर २०१३ ला राज्यसभेने ते बदलांसह मंजूर केलं आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेने ते बदल स्वीकारले. राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंचं उपोषण तेव्हा सुरू होतं. हा कायदा ज्या रूपात आपल्याकडे आहे, ते रूप त्याला राज्यसभेत मिळालं.

त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी असंपादित इतिवृत्त संकेतस्थळावर येतं. त्यातून आपल्या खंडापुरतं पान काढून ठेवा. वगळलेल्या शब्दांच्या जागी तारांकनं दिसतील. राष्ट्रपतींची संमती मिळाली की कायदा राजपत्रात येतो. डेटा कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ ला संमती मिळाली, पण कलम ४४(३) अंमलात आलं ते नोव्हेंबर २०२५ मध्ये, नियमांसोबत. मधली सव्वादोन वर्षं मी अपिलांमध्ये जुनं ८(१)(ञ) च लिहीत होतो आणि ते बरोबर होतं. कायदा मंजूर झाल्याचं कारण देऊन नकार देणाऱ्या कार्यालयांना आरंभाची तारीख दाखवावी लागत होती.

आणि आता ते सकाळचे ११ वाजताचे कागद. मंत्रालयाने केलेले नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर एकूण ३० दिवस ठेवावे लागतात, आणि त्यापुढच्या अधिवेशनाच्या अखेरीपर्यंत दोन्ही सभागृहं सहमत झाली तर त्यांत बदल करू शकतात किंवा ते रद्दही करू शकतात. म्हणजे विधेयकात ‘विहित करण्यात येईल’ या शब्दांवर पेन्सिलीने केलेल्या खुणा इथे पुन्हा काढायच्या. पत्रिकेत ‘पटलावर ठेवायची कागदपत्रे’ या मथळ्याखाली आपल्या खात्याचं नाव दिसलं की ती अधिसूचना उतरवून घ्या, तारीख लिहा आणि त्याच दिवशी खासदाराच्या कार्यालयाला फोन करा.